मनगट न धरता ऐकलेले ठोके

आत्याच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो विहिरीवरच्या राहाटाचा. मग कळशी ओट्यावर टेकल्याचा, मग फुंकणीने चूल फुंकल्याचा. हे तिन्ही आवाज एकटी इंदूवहिनी करायची आणि त्यानंतर बराच वेळ घरात कुणी काही बोलायचं नाही. घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, रत्नागिरीच्या कडेला एका पाखाडीच्या शेवटी होतं. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. ओट्यावरून समुद्र दिसत नसे, पण वारा फिरला की ऐकू यायचा. घरात आम्ही तिघी: माझी विधवा आत्या, तिची सून इंदू आणि मी. आत्याचा मुलगा दत्तादादा मुंबईला गोदीत कामाला होता. वर्षातून एकदा, आंब्यांच्या दिवसांत, पंधरा दिवस यायचा. तो आला की घरात बोलणं व्हायचं, पानाचा पितळी डबा उघडला जायचा, ओट्यावर माणसं बसायची. तो गेला की आत्या डबा परत फळीवर ठेवायची आणि राहाट, कळशी, फुंकणी एवढंच उरायचं.

मी देवरूखकडच्या आमच्या गावातून नर्सिंग शिकायला तिथे आले होते. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत आत्याकडे राहायचं असं ठरलं आणि ती जागा काही मिळाली नाही. माझे वडील शाळामास्तर. आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि रिकाम्या झालेल्या फळीवर इंग्रजी शब्दकोश ठेवला. रोज संध्याकाळी त्यातले दहा शब्द मी पाठ म्हणून दाखवायचे. त्याचा परिणाम असा झाला, की नर्सिंगच्या वर्गात जाडजूड इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचणारी मी एकटीच निघाले. आमच्या शिक्षिका सिस्टर परेरा मला उभं करून वाचायला लावायच्या. बाकीच्या मुली खाली मान घालून ऐकायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या घोळक्याने बसायच्या, एकमेकींच्या डब्यातलं घ्यायच्या, आणि मी पुस्तक उघडून ठेवायची, म्हणजे मला कुणी बोलावलं नाही हे दिसायला नको. त्या पुस्तकाची काही पानं मला आजही पाठ आहेत. ती का पाठ झाली ते तुला आता कळलं असेल.

बोलायला होती ती वहिनीच. संध्याकाळी ती खोवणीवर नारळ खवायला बसली, की मी शेजारी पाट घेऊन बसायची. "आज काय शिकवलान गो विमलबाय?" असं ती रोज विचारायची आणि मी रक्ताभिसरणापासून मलमपट्टीपर्यंत सगळं सांगायची. ती दाभोळजवळच्या एका वाडीतली, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण प्रश्न नेमका विचारायची. "रगत सगळीकडं जाता म्हणतेस, मंग पायाला मुंग्या का येतात?" मला उत्तर यायचं नाही तेव्हा ती खूश व्हायची. आत्यालाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे घरातली पत्रं मी लिहायची. दर पंधरा दिवसांनी आत्या ओट्यावर बसून दादाला पत्र सांगायची, पाण्याच्या पातळीपासून शेजारच्या म्हशीपर्यंत सगळं त्यात असायचं, आणि शेवटी वहिनीला हाक मारायची, "तुला काय लिवायचा हाय काय?" वहिनी दारातूनच म्हणायची, "लिही, बरी हाय." आणखी काय, म्हणून मी विचारलं, की हसून आत जायची. सात वर्षांच्या संसारातलं त्या दोघांचं बोलणं पंधरवड्याला एवढंच.

सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आत्याचा भाऊ, म्हणजे दादाचा मामा, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. (तो आत्याचा मानलेला भाऊ, माझे वडील नव्हेत.) ओट्यावर पान जुळवत तो मोठ्याने बोलायचा, आत ऐकू जावं म्हणूनच. "अक्का, किती वरसं थांबायचा? काडीमोड घेऊन टाका. माझ्या नजरेत एक पोरगी हाय." आत्या हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. "दत्ताराम आला की बघू," एवढंच. मामा गेला, की वहिनी त्याचा पेला राखेने घासायची, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ.

त्या वर्षी दादा आंब्यांत येऊन गेला आणि पुढे श्रावणात एका सकाळी चुलीवर सुका बांगडा भाजत असताना वहिनी तोंडाला पदर लावून परसात धावली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पुस्तकात पुढचं वाचत असायची, वर्ग जिथे पोचला नव्हता तिथलं. गरोदरपणाच्या खुणांचं प्रकरण मी नुकतंच संपवलं होतं. आता माझे डोळे वहिनीच्या मागे फिरू लागले. परसातल्या कोपऱ्यात, जुन्या लुगड्याखाली लपवून वाळत घालायची फडकी दोन महिने दोरीवर दिसली नव्हती. ती लघवीला सारखी परसात जात होती. गालांवर तपकिरी वांग उमटला होता. चोळी घट्ट होते म्हणून तिने बाहीची शिवण उसवली होती. पुस्तकातली एकेक ओळ माझ्यासमोर पाणी भरत होती, भांडी घासत होती. दादा कधी आला ते मला ठाऊकच होतं. मी बोटांवर महिने मोजले आणि हिशेब जुळला.

मी वहिनीला विचारलं नाही. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे तरी मला सरळ लिहिता येत नाही, म्हणून पुन्हा लिहिते: मी तिला आधी विचारलं नाही. संध्याकाळी आत्या तांदूळ पाखडत होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, वहिनीला दिवस गेलेत."

सूप थांबलं. "कुणी सांगितलान?"

"मीच सांगते आहे. सगळी लक्षणं आहेत. पुस्तकात आहेत तश्शी."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. त्या घरात माझ्याकडे इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं. मग ती सूप बाजूला ठेवून उठली, स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि म्हणाली, "इंदे, ती कळशी खाली ठेव आधी." वहिनी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी हसले, मान हलवली. तिला तिचं गुपित मी सांगितलं, सासूच्या देखत. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. मला ते जमायचं नाही.

मीरा, तू मागच्या महिन्यात विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी कसं कळायचं?" आणि तुझ्या पोटातल्या बाळाचा तो काळा-करडा फोटो फोनवर पाठवलास. मी चष्मा लावून, मग चष्मा काढून बघितला. नाक दिसलं. आमच्या वेळी नाक दिसत नसे, मीरा. आमच्या वेळी कान, हात आणि धीर एवढंच होतं आणि त्यातला धीर माझ्याकडे नव्हता. तुला मी फोनवर म्हटलं, "मोठी गोष्ट आहे, लिहून कळवते." ती ही.

त्या दिवसापासून ते घर बदललं. राहाट आता आत्या ओढायची, नाहीतर मी. वहिनीला सकाळी गरम पेज, वर तूप. तिला कच्ची चिंच हवीशी झाली, तर आत्या उन्हातून दोन वाड्या पलीकडे जाऊन ओटीतून घेऊन आली. घावणे व्हायचे तेव्हा तव्यावरचा पहिला घावणा वहिनीच्या ताटात पडायचा, आत्यापुढचा नव्हे. मामा आला, पान जुळवलं, तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "ती पोरगी दुसऱ्या कुणाला दाखव. आमच्याकडं पाळणा हलतोय." मामा लवकर उठला. दादाला पत्र गेलं, त्याचं उलट टपाली आलं आणि त्यात वहिनीसाठी पहिल्यांदाच वेगळा परिच्छेद होता. तो मी तिला परसात नेऊन वाचून दाखवला. तिने तीनदा वाचायला लावला. चार महिने मीही त्या घरात कुणीतरी होते. शेजारणी यायच्या तेव्हा आत्या सांगायची, "आमच्या विमलनं ओळखलान. इंग्रजी शिकलेली हाय." वहिनीला तपासायला इस्पितळात न्यावं, असं मी एकदा म्हटलं, तर आत्या हसली. "नर्स घरात असताना लायनीत कशाला उभा राह्याचा?" त्यावर मी पुन्हा काही म्हटलं नाही. मला ते ऐकायला आवडलं होतं.

पोट दिसू लागलं. वहिनी कमरेवर हात ठेवून, पाठ मागे टाकून चालू लागली. दसऱ्याच्या सुमाराला खोवणीवर बसलेली असताना ती एकदम थांबली, माझा हात ओढून पोटावर ठेवला. "हलला बघ." मला काही कळलं नाही, पण मी म्हटलं, "हो गं." दिवाळीनंतर आम्हाला वॉर्डात बाळाचे ठोके ऐकायला शिकवलं. लाकडी भोंगा असायचा, एक बाजू पोटावर, दुसरी कानाला. उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखा आवाज येतो, असं पुस्तकात होतं आणि पहिल्यांदा तो खरंच तसा ऐकू आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. त्या आठवड्यात मी कुणाला न विचारता भोंगा पिशवीत घालून घरी आणला. वहिनी माजघरात आडवी झाली, आत्या उशाशी बसली. मी पोटावर भोंगा टेकवला, कान लावला, आणि ऐकू आलं. दूरवरून, घाईघाईने, टक टक टक टक.

"काय बोलतोय?" आत्याने विचारलं.

मी बोटाने पाटावर तो ताल वाजवून दाखवला. आत्याने स्वतःही वाजवून पाहिला. पुढे कितीतरी दिवस ती भाजी निवडताना, तांदूळ निवडताना, सुपाच्या कडेवर तोच ताल वाजवायची.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. वडिलांनी पत्रातून कळवलं, की ओटी भरणं वगैरे जुन्या गोष्टी आता नकोत, बुद्धवंदना घ्यावी. मी ते वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "मास्तरला लिव, वंदना पण घेऊ नि ओटी पण भरू. तो काय बघायला येतोय?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात मी ऐकलेलं तिचं ते शेवटचं हसणं असेल.

कारण त्याच आठवड्यात वर्गात ते प्रकरण आलं, जे मी कधीच वाचून बसले होते. सिस्टर परेरांनी मला वाचायला उभं केलं नाही. फळ्यावर तीन उभे रकाने आखले. पहिल्यात नुसत्या शंकेच्या खुणा: पाळी चुकणं, उलट्या, छाती भरून येणं, बाईला स्वतःला हलल्यासारखं वाटणं. दुसऱ्यात बहुधा असेल अशा: पोटाचा वाढता आकार, गर्भाशयाचा बदल. तिसऱ्यात खात्रीच्या, आणि त्या रकान्यात फारच थोडं होतं. बाळाचे ठोके, तपासणाऱ्याच्या हाताला लागलेलं बाळ, आणि क्ष-किरणात दिसलेली हाडं. त्या वसईकडच्या, त्यांचं मराठी तुटक पण खणखणीत. "पोरींनो, उलटी पित्ताने पण होते. पाळी अंगात रक्त नसलं तर पण थांबते. आणि मूल पाहिजे पाहिजे म्हणून झुरणाऱ्या बाईचं पोट पण वाढतं. मी तीन बघितल्या आहेत. सगळं असतं, बाळ नसतं. मग तुम्ही ओळखणार कशावरून? बेंबी बघा. खरं बाळ आतून ढकलतं, बेंबी वर येते. खोट्या पोटाची बेंबी आत राहते." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "पण ठोके ऐकू आले तर?" सिस्टरनी तिला आणि मला पुढे बोलावलं, तिच्या पोटावर भोंगा ठेवून माझा कान त्यावर दाबला. मला टक टक टक टक ऐकू आलं. सगळ्या मुली खो खो हसल्या. "हा तिचा स्वतःचा ठोका आहे. घाबरली म्हणून पळतोय. म्हणून कान पोटावर, बोटं मनगटावर. दोन्ही एकच असेल तर ते बाळ नाही. मनगट न धरता जी ऐकते, ती काहीच ऐकत नाही."

मी जागेवर परत गेले. मी वहिनीचं मनगट धरलं नव्हतं.

रविवारी दुपारी आत्या डोहाळजेवणासाठी शेजारून मोठी परात आणायला गेली. मी वहिनीला म्हटलं, "जरा आडवी हो, बघते." ती आनंदाने आडवी झाली. तिला तो खेळ आवडायला लागला होता. मी पदर बाजूला केला. बेंबी खोल, आत. कशी काय मला आधी दिसली नव्हती? मी तिला गुडघे दुमडून सैल श्वास घ्यायला सांगितलं आणि सिस्टरनी दाखवलं होतं तसं तळव्याच्या कडेने वरून खाली चाचपत आले. कुठेही काही अडलं नाही. ती श्वास सोडत गेली तसं ते पोट माझ्या हाताखाली खाली बसत गेलं. बोटाने टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज आला. मग मी भोंगा लावला, कान टेकवला आणि डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. कानात टक. बोटांखाली टक. मी जागा बदलली, पुन्हा तेच. चार जागा बदलल्या. तिचं मनगट बारीक, बांगड्या वर सरकलेल्या. बाहेर पाखाडीवर आत्याचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी परतीची वेळ सांगत होती.

"आज लई वेळ ऐकतेस," वहिनी म्हणाली. "बोलतोय काय?"

मी भोंगा बाजूला ठेवला. "वहिनी, उद्या माझ्याबरोबर इस्पितळात ये."

"का? उलटा हाय काय?"

"मला वाटतं, आत बाळ नाही."

ती उठून बसली. पदर नीट केला. मग अगदी शांतपणे, रोज संध्याकाळी विचारायची तशाच आवाजात विचारलं, "मंग हलता ता काय?"

पुस्तकात त्याचं उत्तर होतं. मी ते सांगितलं, आतड्यांचं, पोटातल्या वाऱ्याचं. ती ऐकत होती. "वारा," ती म्हणाली. "चार महिने मी वाऱ्याशी बोलतेय होय गो?"

सोमवारी आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं, आणि माझ्याकडे न बघता वहिनीशी बोलल्या. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, यात तुझी काही चूक नाही. मनाला इतकं हवं असतं, की अंग ऐकतं कधीकधी." रक्त वाढवायची औषधं दिली. कुणी काही सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "नाय. माझं मलाच वाटला." मी शेजारी उभी होते, पांढऱ्या गणवेशात.

परत येताना पाखाडीच्या पायऱ्या ती माझ्या पुढे चढली, पाठ मागे न टाकता, पूर्वी चढायची तशी भराभर. आत्या ओट्यावर रव्यातले खडे निवडत होती. वहिनीने चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. आत्याला आधी कळलं नाही, तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ती ताट सारून उठली. "नाटक केलंन! माझ्या दारात, चार महिने! दुसरी येतेय म्हटल्यावर पोट काढून बसली! वाडीला आमंत्रणं गेली माझी!" तिचा आवाज कुंपणाच्या गडग्यापलीकडे जात होता. शेजारच्या दारात बायका आल्या. वहिनी खाली बघत होती. तिने फक्त एकदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. चार शब्दांचं. पण ते बोलले, तर भोंगा न विचारता आणल्याचं निघेल, वर्गात कळेल, सिस्टर मला काढून टाकतील, वडील फळीवरच्या त्या शब्दकोशाकडे बघत बसतील. हे सगळं मी तेवढ्या वेळात, अगदी नीट, क्रमाने मनात मांडलं. माझा स्वभावच तसा. आणि गप्प राहिले. वहिनीने मान खाली घातली. तिनेही माझं नाव घेतलं नाही.

बुधवारी तिचा भाऊ आला आणि तिला दाभोळला घेऊन गेला. एक पिशवी, एक वळकटी. मी तेव्हा वर्गात होते.

त्यानंतर सकाळी राहाट मी ओढायची. आत्या आणि मी समोरासमोर बसून पेज प्यायचो आणि आमच्या दोघींच्या भुरकण्याखेरीज घरात आवाज नसायचा. संध्याकाळी मी खोवणीवर बसायची, आणि आज काय शिकवलं ते मला कुणी विचारायचं नाही. वर्गात मी हात वर करायचं सोडून दिलं. सिस्टरनी एकदा विचारलं, "बरं नाही का?" मी बरं आहे म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी आत्याने पत्र लिहायला बसवलं. मामाही आला होता, खांबाला टेकून ऐकत होता. मी आंतरदेशीय पत्र मांडीवरच्या पाटीवर पसरलं. आत्या सांगू लागली, "लिव. चिरंजीव दत्तारामास आशीर्वाद. तुझ्या बायकोनं आपल्या सगळ्यांना फसवलान. पोट नसताना पोट हाय म्हणून सांगितलान. आता तिला परत आणायची नाय. मामानं पोरगी बघितल्यान..." मी लिहीत गेले. 'तुझ्या बायकोने' पर्यंत लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, वडिलांनी घोटून घेतलेलं. पुढचा शब्द लिहायला टोक कागदावर टेकवलं आणि हात पुढे जाईना. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"झाला लिवून?" आत्या म्हणाली.

"नाही. आत्या, हे मला लिहिता येणार नाही."

"का? शाई संपली?"

"तिने फसवलं नाही. तिने कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिला विचारलंसुद्धा नाही मी, तुला येऊन सांगितलं. ठोकेसुद्धा मीच ऐकले, आणि चुकीचे ऐकले. शिकले नव्हते अजून, आणि शिकल्यासारखं बोलले."

मामा म्हणाला, "पोरगी सांभाळून घेतेय तिला. मैत्रीण ना ती."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. मोठ्या माणसाला मी त्याआधी असं बोलले नव्हते.

आत्या माझ्याकडे बघत होती, श्रावणात बघितलं होतं तेवढाच वेळ, पण तसं नाही. "मंग तवा का नाय बोललीस? ओट्यावर मी तिला बोलत होते तवा? ही उभी होतीस तू."

"घाबरले."

"नि ती?"

"ती काहीच बोलली नाही."

मामाने पानाचा डबा पुढे केला, तिने घेतला नाही. मग ती म्हणाली, "तो कागद फाड. दुसरा घे. तू आता मला सांगितलास तसा लिव. तुझं नाव घालून." मी लिहिलं. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचायला लावलं. मामाच्या देखत, सगळं. वाचताना मी दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुढं वाच." वडिलांना मात्र तिने कधीच कळवलं नाही. सिस्टरना मी स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी. त्यांनी मला काढलं नाही. सहा महिने मला वॉर्डात कुणाच्या पोटाला हात लावू दिला नाही, फक्त मनगटं धरून ठोके मोजायला बसवलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. पत्र मिळाल्यावर दादाने रजा काढली, तो रत्नागिरीला न येता थेट दाभोळला उतरला आणि वहिनीला मुंबईला घेऊन गेला. त्यांना मूल झालं नाही. दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिली. पण हे आम्हाला होळीच्या सुमाराला कळलं. मधल्या दीड-दोन महिन्यांत आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

दादाला पत्र लिहिलं त्याच दिवशी, मामा निघून गेल्यावर, आत्याने आणखी एक कागद घ्यायला लावला होता. "दाभोळला लिव," म्हणाली. मी वाट पाहत बसले. तिने सुनेला कधी पत्र सांगितलं नव्हतं. सून नेहमी घरातच असायची. "काय लिवतात गो सुरवातीला?" मी म्हटलं, चिरंजीव सौभाग्यवती. "लिव. चिरंजीव सौभाग्यवती इंदूस." मग, "औषध घेतेस काय. घर तुझा हाय. ये." एवढंच. मी ते पेटीत टाकून आले.

उत्तर आलं नाही. पोस्टमन दुपारी यायचा. आत्या त्या वेळी काहीतरी काम काढून ओट्यावर असायची. तो पाखाडीच्या खालच्या वळणावरूनच हात हलवायचा, काही नाही म्हणून. असे तीन आठवडे गेले. एका दुपारी तो हात हलवून गेल्यावर ती आत आली. मी डब्याचं फडकं धुवत होते.

"राग धरून बसली असंल," आत्या म्हणाली. "नायतर दोन ओळी लिवायला काय जाता?"

"तिला लिहिता येत नाही, आत्या."

"ता म्हाइत हाय मला. भावाला येत असंल."

"नाही येत. त्यांच्या घरात कुणालाच नाही."

"मंग हितं असताना दत्तारामाला तिचा 'बरी हाय' जायचा, ता कोण लिवायचा?" असं विचारता विचारताच माझ्या हातांकडे बघून ती थांबली.

मी फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं.